गूळ : आठशे त्र्याऐंशी

खराडी हे अजून गाव होते, त्या काळात नदीच्या अंगाला असलेल्या भैरोबाच्या देवळात फेडलेल्या नवसांची एक वही ठेवलेली असे. तिच्यातली १९७८ च्या चैत्रातली एक नोंद अशी आहे : "दत्तोबा हरगुडे. तुला. गूळ ८८३. नवस फिटला." आकड्यापुढे एकक नाही. आधीच्या पानांवर शेर आहेत, मण आहेत, पुढे किलोही आहेत. या एकाच ओळीत आकडा उघडा पडला आहे. त्याच पानाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली आहे. तिच्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख आणि निराळे, रेखीव अक्षर : "दत्तोबा हरगुडे. वजन ८४ किलो." खाली सही.

दोन्ही कागद प्रमाण मानले, तर हा गृहस्थ चैत्रात दोन बैलांएवढा होता आणि वैशाखात माणसात आला, असा निष्कर्ष निघतो. पहिली नोंद बनावट ठरवावी, तर अक्षर गुरवाचेच आहे आणि शाईही आजूबाजूच्या नोंदींचीच. उरतो तो चिठ्ठीवरचा सही करणारा, आणि त्याच्यासाठी कसबा पेठेत श्रीनिवास खांबेटे यांच्या घरी जावे लागते.

खांबेटे खडकीच्या एका कारखान्यात मापन-कक्षात नोकरीला होते. इतरांनी मोजलेले बरोबर मोजले आहे की नाही, हे मोजणे हे त्यांचे काम. पंचवीस वर्षे हे काम केलेल्या माणसाचा स्वभाव जसा व्हावा तसा तो झाला होता. दुधाचे माप, भिंतीवरचे घड्याळ, शेजाऱ्यांच्या मुलाची उंची, कशावरही त्यांचा एकदम विश्वास बसत नसे. तरीही १९७६ पर्यंत ते चारचौघांसारखे होते. त्या साली वरून परिपत्रक आले की बल यापुढे न्यूटनमध्ये नोंदवावे. बाकीच्यांनी जुन्या आकड्याला ढोबळमानाने दहाने गुणले आणि चहा मागवला. बाकीच्यांना परिपत्रक मिळाले. खांबेट्यांना दीक्षा मिळाली.

"किलोग्राम म्हणजे वस्तू किती आहे ते," ते घरी येऊन पत्नी वासंतीबाईंना म्हणाले. "आणि न्यूटन म्हणजे पृथ्वी तिला किती जोराने ओढते आहे ते. पहिलं वस्तुमान, दुसरं बल. वजन हे बल आहे. आणि आपण खुशाल म्हणतो, वजन साठ किलो! हाच किलोभर बटाटा चंद्रावर न्या. बटाटा किलोभरच राहील, पण वजन सहावा हिस्सा!"

"चंद्रावर नंतर न्या," वासंतीबाई म्हणाल्या. "आधी मंडईतून घरी आणा."

मंडईत त्यांनी एक किलोग्राम वस्तुमानाची वांगी मागितली. भाजीवाली म्हणाली, "ती संपली. साधी आहेत, देऊ?" एका स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्राने त्यांना तिकीट दिले : "वजन ५९ किलो. आपण स्पष्टवक्ते आहात." यातली पहिली ओळ शास्त्रदृष्ट्या चुकीची असल्याचे पत्र त्यांनी स्टेशनमास्तरांना लिहिले. दुसऱ्या ओळीबद्दल तक्रार नव्हती. डॉक्टरांनी वजन विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पाचशे सत्याहत्तर." डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि वासंतीबाईंकडे वळून हळूच विचारले, "हे असं कधीपासून?"

"परिपत्रक आल्यापासून," वासंतीबाई म्हणाल्या.

कारखान्यातून भंगारात निघालेला एक मोठा स्प्रिंगकाटा त्यांनी रीतसर परवानगीचा कागद घेऊन घरी आणला. त्याची दीड फुटी तबकडी खरवडली, पांढरी रंगवली आणि तिच्यावर शून्यापासून हजारापर्यंत केसाएवढ्या बारीक रेघा आखल्या. एकेक रेघ एकेक न्यूटनची. या कामाला चौदा रविवार लागले. रेघा आखताना त्यांनी पुस्तकातला ९.८१ हा आकडा घेतला नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी गावचा. पुण्यात पृथ्वी किलोग्रामला ९.७८ न्यूटननेच ओढते. पुण्यातली कुठलीही गोष्ट बाहेरच्यापेक्षा कमी आहे, हे खांबेट्यांनी आनंदाने मान्य केल्याचे हे एकमेव ज्ञात उदाहरण.

दत्तोबा हरगुडे त्याच कारखान्यात होते. काटे तपासायची लोखंडी वजने उचलून ठेवायला मापन-कक्षात आडदांड माणूस लागे, तो दत्तोबा. खराडीहून सायकलवर येत आणि खांबेट्यांची व्याख्याने ऐकून घेत. त्या मजकुरापैकी काय त्यांना पटले होते याचा पुरावा नाही. पण ऐकून घेणारा तो कारखान्यातला एकटाच माणूस होता, म्हणून खांबेट्यांचा त्यांच्यावर जीव होता.

आदल्या श्रावणात दत्तोबांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पुन्हा चढला, आणि दुसऱ्या खेपेला माणूस हाती लागत नाही असे दिसले, तेव्हा त्यांच्या पत्नी मथुराबाई भैरोबाला नवस बोलल्या : हे उठून चालते झाले, तर ह्यांच्या भारंभार गूळ देईन. दत्तोबा उठले. तुला मात्र चैत्राच्या यात्रेपर्यंत लांबली, कारण आजारातून उठलेल्या काटकुळ्या माणसाला तोलून कमी गूळ देणे ही मथुराबाईंच्या मते देवाशी लबाडी होती. त्यांनी नवऱ्याला आधी खाऊपिऊ घालून पूर्ववत केले आणि मग तोलायला काढले. यात्रेला आठ दिवस उरले असताना कळले, की देवळाच्या तराजूची लाकडी दांडी वाळवीने आतून पोखरली आहे.

"साहेब, तुमचा काटा एक दिस द्याल?" दत्तोबांनी विचारले.

"देईन की. काट्याबरोबर मीही येईन."

"या. वहिनींनाबी आणा. फकस्त एक करा. आकडा तेवढा किलोत सांगा."

"दत्तोबा, नवस कशाचा आहे? वजनाचा ना? मग किलोचा इथे संबंध काय? देवापुढे उभं राहून मी वस्तुमानाला वजन म्हणू?"

"समदं गावच म्हनतंय, साहेब."

"गाव चुकतं."

"चुकत आसंल. पर समदी मिळून चुकत्यात, म्हनून कुनाचं आडत न्हाई."

आपल्या विरोधी पक्षाकडून ऐकू आलेला हा पहिलाच सुसंगत युक्तिवाद होता. खांबेट्यांनी तो मनापासून दुर्लक्षिला.

यात्रेच्या दिवशी धोतरात गुंडाळलेला काटा मांडीवर घेऊन ते खराडीच्या बसमध्ये बसले. कंडक्टरने विचारले, "हे काय?"

"ह्यांचं दैवत आहे," शेजारून वासंतीबाई म्हणाल्या. "अर्धं तिकीट लागेल का?"

देवळापुढच्या चिंचेच्या फांदीला काटा टांगला गेला. त्याच्या खालच्या हुकाला झोपाळ्याची फळी चार दोरांनी अडकवली. रिकाम्या फळीसह काटा शून्यावर आणायला खांबेट्यांना अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात सारे गाव भोवती जमले. देवळाच्या पायरीवर गुळाच्या दहा ढेपा रचून ठेवलेल्या होत्या. वाघोलीच्या दुकानदाराने प्रत्येक ढेप दहा किलोची तोलून दिली होती. दत्तोबा फार तर शंभराचे, हा मथुराबाईंचा अंदाज. त्या पहाटेपासून निर्जळी होत्या. नवस फिटेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता. ऊन चढले होते, आणि त्या पायरीला टेकून उभ्या होत्या.

तुलेची तिथली रीत अशी. काट्यावरचा आकडा वाचणाऱ्याने मोठ्याने सांगायचा. गेनबा गुरवाने तो देवाला तीनदा ऐकवायचा आणि नारळ फोडायचा. नारळ फुटला, की तो आकडा देवाचा. त्यातला कण कमी करता येत नाही.

दत्तोबा नवा फेटा बांधून फळीवर मांडी घालून बसले. काटा थरथरला आणि स्थिर झाला. खांबेटे जवळ गेले, चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच एवढ्या मोठ्या सभेपुढे त्यांनी शास्त्रशुद्ध विधान केले :

"वजन, आठशे त्र्याऐंशी न्यूटन!"

"भैरोबा, आठशे त्र्याऐंशी!" गेनबा ओरडला. "आठशे त्र्याऐंशी! आठशे त्र्याऐंशी!" नारळ फुटला.

"भैरोबाच्या नावानं चांग..." असे गाव सवयीने म्हणू लागले आणि "भलं"च्या अलीकडे थांबले.

माजी सरपंच सर्जेराव पुढे आले. हिशेबात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "म्हंजी आठ्ठ्याऐंशी ढेपा," ते म्हणाले, "आन् वर तीन किलो. हाईत किती? धा."

मथुराबाई मटकन पायरीवर बसल्या.

"अहो, किलो नव्हे! न्यूटन! तबकडीवर लिहिलंय, वाचा!" खांबेटे म्हणाले.

सर्जेरावांनी वाकून वाचले. "न्यूटन. कंपनी इलायती दिसतीया. मग तर काटा खोटं बोलायचा न्हाई."

"पर मानूस दिसतोय नव्वदचा," गर्दीतून कोणी तरी म्हणाले.

"मानूस नव्वदचाच हाय," गेनबा गंभीरपणे म्हणाला. देवाचे काम वंशपरंपरेने करणाऱ्याला अशा वेळी काही तरी सांगावेच लागते. "पर ही जागा कुनाची हाय? भैरोबाची. हितं नुसतं हाडमांस तोललं जात न्हाई. मानसानं जलमभर जे केलं, त्ये समदं फळीवर बसतं."

सर्जेरावांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "सातशे त्र्याण्णव किलो पाप! दत्तोबा, लेका, एवढं केलंस कवा? तू तर दिसभर कारखान्यात आसतुस."

मथुराबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. त्या नजरेपुढे दत्तोबांचा फळीवरचा तोल डळमळला.

"अहो, ऐका माझं!" खांबेटे मध्ये घुसले. "हे पाप वगैरे काही नाही. ही पृथ्वीची ओढ आहे! पृथ्वी माणसाला खाली ओढते!"

"तेच म्हनतुया मी," गेनबा म्हणाला. "पाप मानसाला खालीच वढतं."

इथून पुढचा घटनाक्रम सांगणारे सगळे जण एकमेकांशी जुळते सांगतात, हेच त्यातले आश्चर्य. दत्तोबांना घाम फुटला. फळीवर बसल्या बसल्याच त्यांनी फेटा काढला, तोंड पुसले आणि मान खाली घालून ते म्हणाले, "गेनबा, तुझ्या बांधाचा दगूड मी गेल्या साली ईतभर सरकवला व्हता."

"ठावं हाय मला," गेनबा म्हणाला. "मी त्यो दोन ईत माघारी सरकवला." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याने घाईघाईने घंटा वाजवली.

तेवढ्यात तबकडीजवळची बाई किंचाळली, "कमी झालं! आठशे ऐंशी झालं!"

"चांगभलं!" गाव गरजले.

"फेटा!" खांबेटे तबकडीवर बोट आपटत म्हणाले. "त्यांनी फेटा काढून बाजूला दिलाय! फेट्याचे तीन न्यूटन कमी झाले! दत्तोबा, घाला तो फेटा."

दत्तोबांनी फेटा डोक्यावर ठेवला. काटा आठशे त्र्याऐंशीवर परत आला.

"बघा," गेनबा म्हणाला. "मान झुकवली तवा हलकं झालं. ताठा आला, की पुन्यांदा चढलं."

मथुराबाई आता फळीपुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. ओठ सुकलेले होते, पण आवाज नव्हता सुकला. "अजून काय हाय? सांगा. मी हितंच हुबी हाय."

दत्तोबांनी एकवार देवाकडे पाहिले. "श्रावणात तू मला पेजंवर ठेवलं व्हतंस," ते म्हणाले. "ताप उतरला व्हता. तोंडाला चव न्हवती. तू पान्याला गेलीस, तवा मी सर्जेरावाकडं जाऊन मटनाचा रस्सा पेलो. दोन वाट्या."

"कोन्त्या दिशी?"

"त्याच दिशी सांजच्याला ताप पुन्यांदा चढला बघ."

"म्हंजी," मथुराबाई एकेक शब्द मोजत म्हणाल्या, "ज्या तापापायी मी देवाला गूळ बोलले, त्यो ताप तुमी वाटीनं पेऊन आला व्हता?"

सर्वांनी तबकडीकडे पाहिले. आठशे त्र्याऐंशी. काटा रेघभरही हलला नाही.

"रस्सा दिला कुनी? त्यालाबी बसवा फळीवर!" कोणी तरी म्हणाले.

"माझा गुडघा दुखतोय," सर्जेराव म्हणाले आणि गर्दीत मागे सरकले. पण मागे सरकणारे ते एकटे नव्हते. फळी आता कोणालाही पुकारील, हे गावाच्या एकदम ध्यानात आले होते, आणि काट्याभोवती बघता बघता दहा हात जागा मोकळी झाली.

"मी बसतो!" खांबेटे म्हणाले. "माझं बघा, म्हणजे खात्री पटेल." दत्तोबांना उतरवून ते स्वतः फळीवर चढले. आकडा वाचायचे काम वासंतीबाईंकडे आले.

"पाचशे सत्याहत्तर," त्यांनी वाचले.

"बघितलंत? मी साधा, सडपातळ माणूस! माझ्याने इतकं पाप झालं असेल का?"

"शहरातलं मानूस हाय," गेनबा विचार करून म्हणाला. "त्या मानानं कमीच म्हनायचं."

"सव्वीस वर्षं ह्यांच्यासोबत आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "मला आकडा बरोबर वाटतो."

खांबेटे फळीवरून उतरले. मथुराबाई डोक्याला हात लावून पुन्हा पायरीवर बसल्या होत्या. कोणी तरी तांब्या पुढे केला, तो त्यांनी मागे सारला. दूर वाघोलीच्या वाटेवर कोणी तरी बैलगाडी जुंपत होते; एवढा गूळ तिथल्या बाजारात एका दिवसात मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होते, आणि तो मिळेपर्यंत ही बाई पाणी पिणार नाही, हेही. दत्तोबांनी खांबेट्यांकडे फक्त एवढेच मागितले होते : आकडा किलोत सांगा.

खिशातून एक पुठ्ठा काढून खांबेटे मथुराबाईंपुढे उकिडवे बसले. पुठ्ठ्यावर एका बाजूला किलोग्राम, दुसऱ्या बाजूला न्यूटन. पण तो त्यांनी तसाच खिशात परत घातला. "मथुराबाई, तुमच्या विहिरीवर मोट होती ना?"

"व्हती."

"मोटेत पाणी किती, हे एक. आणि ती वर येताना बैलाच्या मानेवर ओढ किती, हे दुसरं. पाणी बादल्यांनी मोजाल, ओढ बादल्यांनी मोजाल का?"

"बादल्यांनी वढ कशी मोजंल?" मथुराबाई म्हणाल्या. "पानी येगळं, वढ येगळी."

"बरोबर!" खांबेट्यांचा चेहरा उजळला. दोन वर्षांत कोणी इतक्या लवकर समजून घेतले नव्हते. "माणूस किती, ते किलोग्राम. ओढ किती, ते न्यूटन. हा काटा ओढ सांगतो!"

मथुराबाईंनी मान डोलावली. "मानूस तेवढाच. वढ वाढली."

"हो, म्हणजे, वाढली असं नव्हे..."

"रश्शानं वाढली," मथुराबाई म्हणाल्या.

खांबेट्यांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा वासंतीबाई उठल्या. पायरीवरची एक ढेप त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि फळीकडे निघाल्या.

"अहो, ती दहा किलोग्रामची आहे, हे सगळ्यांना माहीत आहे," खांबेटे म्हणाले. "तिला तोलून काय मिळणार?"

"हिनं कुणाचा बांध सरकवलेला नसेल ना?" वासंतीबाईंनी विचारले. "रस्साही प्यायलेली नसेल. मग बघू या."

त्यांनी ढेप फळीवर ठेवली. काटा सरकला आणि थांबला. गेनबाने वाकून वाचले. पुन्हा वाचले.

"आठ्ठ्याण्णव," तो म्हणाला.

"जरासं कमीच," खांबेटे म्हणाले.

दहा किलोच्या ढेपेने अठ्ठ्याऐंशी किलो पाप कसे केले असेल, याची जुळवाजुळव गेनबाच्या तोंडावर दिसत होती. ती काही जुळत नव्हती.

मथुराबाई हळूहळू उभ्या राहिल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "गुळानं काय केलंय? काय न्हाई. तरी काटा धाचे आठ्ठ्याण्णव सांगतोय. म्हंजी ह्यो काटा समद्यांनाच दहापट बोलतोय. मानसाला तसंच, गुळाला तसंच."

"दहापट नाही. नऊ पूर्णांक अठ्ठ्याहत्तर श..."

"अहो," वासंतीबाई म्हणाल्या.

दशांश अर्ध्यावर सोडण्याचा खांबेट्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

"मग देवाला सांगितलेला आकडा कशाला मोडायचा?" मथुराबाई म्हणाल्या. "मी भारंभार बोलले व्हते. ह्यांची वढ आठशे त्र्याऐंशी. गुळाची वढ आठशे त्र्याऐंशी होऊ द्या. त्योच काटा, तीच फळी. टांगा गूळ!"

एका एककातून दुसऱ्यात जाताना कोणत्या आकड्याने गुणायचे, हे खांबेट्यांना झोपेतही सांगता आले असते. काही वेळा कुठेच जायचे नसते, दोन्ही बाजू एकाच काट्यावर तोलल्या की गुणाकार लागतच नाही, हे त्यांना निर्जळी उपास असलेल्या बाईने सांगावे लागले.

ढेपा चढू लागल्या. दोन झाल्या, चार झाल्या, आणि प्रत्येक ढेपेबरोबर गाव एकेक पाऊल जवळ आले. नवव्या ढेपेला काटा आठशे ऐंशीवर थांबला.

"तीन उनं," गेनबा म्हणाला. "देवाचं कमी चालायचं न्हाई."

"फेटा!" दत्तोबा आणि खांबेटे एकदम म्हणाले.

दहावी ढेप फोडली गेली. सर्जेरावांनी एका हातात फेटा आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा धरून अंदाज घेतला, पण त्यांच्या हातावर त्या दिवशी कोणाचाच विश्वास नव्हता. मथुराबाईंनी स्वतः बोटांनी गूळ मोडून मोडून फळीवर घातला, आणि काटा आठशे त्र्याऐंशीच्या रेघेवर आला तेव्हा खांबेट्यांनी श्वास सोडला. या खेपेचे चांगभलं पूर्ण झाले. मथुराबाईंनी देवाला हात जोडले, तांब्या उचलला आणि तो खाली ठेवलाच नाही, संपेपर्यंत.

गेनबाने वही काढली. "गूळ आठशे त्र्याऐंशी," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"त्यापुढे न्यूटन लिहा," खांबेटे म्हणाले.

"न्हाई," गेनबा म्हणाला. "देवाच्या वहीत कंपनीचं नाव लिहीत नसत्यात."

"मग किलो तरी..."

असे म्हणायला त्यांनी तोंड उघडले होते, असे वासंतीबाई सांगत. खांबेटे ते शेवटपर्यंत नाकारत. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे, याला कागदाचा आधार नाही. एकक राहिले ते राहिलेच.

गूळ वाटला जात असताना दत्तोबा खांबेट्यांच्या कानाशी आले. "साहेब, पाप न्हवतंच म्हना ना?"

"मुळीच नव्हतं."

"मग मी जे बोलून बसलो, त्ये परत घेता येतंय का?"

खांबेट्यांनी मथुराबाईंकडे पाहिले. "त्याचं कोष्टक माझ्यापाशी नाही, दत्तोबा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दत्तोबांच्या डब्यात पेज होती. तिसऱ्या दिवशीही पेज. श्रावणात पथ्य अर्धवट राहिले होते, ते मथुराबाईंनी चैत्रात पूर्ण करायला घेतले होते. नव्वदाचे पंच्याऐंशी होईपर्यंत दुसरे काही मिळणार नव्हते. खांबेटे आपल्या डब्यातली पोळीभाजी पुढे करत. दत्तोबा मान हलवत. "आता खोटं वागायचं भ्या वाटतं, साहेब. कुठंबी तोलत्यात." लोखंडी वजने उचलताना ते मध्ये थांबू लागले. व्याख्याने ऐकताना त्यांचा डोळा लागू लागला. ऐकणारा एकुलता एक माणूस आपल्या एका शब्दापायी पेजेवर पडला आहे, हे खांबेट्यांना रोज जेवताना दिसत होते.

तिसऱ्या रविवारी दत्तोबा कसबा पेठेत दारात येऊन उभे राहिले. "तिनं धाडलंय," ते म्हणाले. "पंच्याऐंशीच्या खाली आलो आसंल, तर पेज बंद. पर नुस्तं तोंडानं सांगून चालायचं न्हाई. साहेबांच्या हातची चिठ्ठी पायजेल. वजन, आन् किलोत. सही करून. ती चिठ्ठी गेनबाच्या वहीला लावायचीय म्हने."

तुळईला काटा टांगलेला होताच. दत्तोबा फळीवर बसले. काटा आठशे बावीसच्या रेघेपाशी, किंचित अलीकडे थांबला. खांबेट्यांनी ९.७८ ने भागले. त्यांनी कागद घेतला, शाईचे पेन उघडले आणि लिहिले : "दत्तोबा हरगुडे." मग थांबले.

"वस्तुमान चौऱ्याऐंशी किलोग्राम, असं लिहिलं तर चालेल?" त्यांनी विचारले.

"त्ये वाचल्यावर ती म्हनंल, वजन कुठं हाय?" दत्तोबा म्हणाले. गाल बसले होते. "साहेब, आतून कशाचा वास येतोय? पुरनाचा का?"

खांबेट्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिले, तबकडीवरच्या चौदा रविवारांकडे पाहिले, आणि पुन्हा दत्तोबांकडे पाहिले. मग रेखीव अक्षरात पुढचे तीन शब्द लिहून त्यांनी खाली सही केली. शाई वाळावी म्हणून कागद हवेत हलवला आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले :

"वजन चौऱ्याऐंशी किलो!"

स्वयंपाकघरातून वासंतीबाई बाहेर आल्या. हाताला पीठ तसेच होते. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हाताची पाठ लावून पाहिली आणि दत्तोबांकडे वळून हळूच विचारले, "हे असं कधीपासून?"

"आत्ताच, वहिनी," दत्तोबा म्हणाले.

"बरं," वासंतीबाई म्हणाल्या. "पाट मांडा. दोघांचेही."